खांबाची बॅग

माझा नवरा लोकांची बिऱ्हाडं हलवतो. कपाटं, पलंग, आरसे, फ्रिज, काचेची भांडी, जे काही असेल ते गुंडाळायचं, खोक्यांत भरायचं, ट्रकात चढवायचं आणि नव्या घरी जसंच्या तसं उतरवायचं. सकाळी एखाद्या घरात शिरला की जेवणाच्या वेळेपर्यंत तिथं बोललेलं घुमायला लागतं, इतकं घर मोकळं झालेलं असतं. आणि हाच माणूस आठवडाभर आमच्या पलंगावर एक निळी बॅग उघडी टाकून तिच्यासमोर बसला होता. रोज संध्याकाळी ती भरायचा आणि मी कामावरून येईपर्यंत पुन्हा रिकामी करून ठेवायचा.

आम्ही बर्फावर घसरायला चाललो होतो. स्कीइंग म्हणतात त्याला. पायांना लांब पट्ट्या बांधायच्या, हातांत दोन काठ्या धरायच्या आणि डोंगरावरून खाली यायचं. आमच्या दोघांच्या घराण्यांत आजवर असला उद्योग कोणी केलेला नाही. सुट्टी म्हणजे कोणाच्या तरी लग्नाला जाऊन चार दिवस राहणं, एवढंच आम्हाला ठाऊक.

हे सगळं घडवलं ते आमच्या लेकीनं. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी बसलेली दिसली की मी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. ती बर्फाच्या गावी एका हॉटेलात नोकरीला गेली, तिथं फावल्या वेळात घसरायला शिकली आणि बघता बघता इतकी तरबेज झाली की यंदा परीक्षा देऊन शिक्षिकाच झाली. लाल जाकीट मिळालं. त्या जाकिटातला तिचा फोटो मी माझ्या हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना दाखवला. मी प्लास्टर घालायच्या खोलीत काम करते. मोडलेले हात, मोडलेले पाय माझ्याकडे येतात. प्लास्टर ओलं असेपर्यंत माणसाला उठून जाता येत नाही, हे माझ्या कामातलं मोठं सुख आहे. त्यामुळे गावातल्या बऱ्याच लोकांना माझ्या लेकीची इत्थंभूत माहिती आहे.

"माझे पहिले विद्यार्थी तुम्ही दोघं," तिनं फोनवर सांगितलं. "दुसऱ्या कोणाला घेतलेलं नाही. वर्ग तुमच्यापासूनच सुरू करणार."

मी तर फोन ठेवायच्या आधीच हो म्हटलं होतं. खांबानंही म्हटलं.

खांब म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, पण मनात तो खांबच, कारण सगळं जग त्याला त्याच नावानं ओळखतं. फार वर्षांपूर्वी पाणी सांडलेल्या जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवताना खालच्या माणसाचा पाय सटकला. तो बाजूला झाला आणि कपाट एकट्या माझ्या नवऱ्यावर आलं. त्यानं भिंतीला पाठ लावली, पाय रोवले आणि बाकीचे धावत येईपर्यंत तसाच उभा राहिला. कपाटाला ओरखडा नाही, याला खरचटलं नाही. तेव्हापासून खांब. एवढ्या वर्षांत तो कामावर एकदाही पडलेला नाही. गोदामातल्या नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतात. न्हाणीघरातून बाहेर येतानासुद्धा तो आधी टाच टेकवून अंदाज घेतो. साबणाचं पाणी कुठं आहे हे त्याला वासावरून कळत असावं, असा मला संशय आहे.

तरी सुरुवातीला स्वारी खुशीत होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जाकिटं दिली, खांद्यांवरून पट्टे असलेल्या फुगीर विजारी दिल्या, मोठे काळे चष्मे दिले. ते सगळं अंगावर चढवून खांब आरशासमोर उभा राहिला. घामानं निथळत होता, पण काढायला तयार होईना. "लेकीला फोटो पाठव," म्हणाला. पाठवला.

तिचा लगेच फोन आला. हसू आवरत नव्हतं तिला. खांबानं स्पीकर लावला आणि विचारलं, "बरं मास्तरीण बाई, पहिल्या दिवशी काय शिकवणार?"

"पडायला."

"म्हणजे?"

"म्हणजे पडायचं, बाबा. मुद्दाम. पडायला आलं की भीती जाते, मग पुढचं सगळं शिकता येतं. पहिला धडा तोच असतो. आणि मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा बाबा जन्मात कधी पडलेला नाही. सगळे वाट बघतायत तुझी."

खांब "हं" म्हणाला. विजारीचे पट्टे खांद्यांवरून उतरवले आणि चहा न घेताच झोपायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून बॅगेचं नाटक सुरू झालं. आधी स्वेटर जड होता. मग बॅगेची चेन भरवशाची नव्हती. मग मोज्यांच्या घड्या त्याच्या मनासारख्या होईनात. अख्ख्या वस्तीतले लोक ज्याच्या भरवशावर आपले वाडवडिलांचे आरसे सोडून बिनधास्त पुढं निघून जातात, त्याला दोन माणसांचे मोजे भरता येईनात. मला त्याची दया यायला हवी होती. पण मी तशी बाई नाही. मी भडकले.

"भरायची नसेल तर तसं सांगा. मी एकटी जाते."

"जा की," तो म्हणाला. "मी घर बघतो."

"घर कुठं पळून चाललंय?"

"कोणीतरी असलेलं बरं."

"आणि लेकीला काय सांगू? पहिला वर्ग अर्धाच भरला म्हणून?"

"सांग, कंबर धरली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्या कमरेनं अख्खी गावं इकडून तिकडं हलवली, ती धरली म्हणे. खोटं बोलायची सवय नसली की माणूस पहिल्याच वाक्याला पकडला जातो. हा घाबरलाय, एवढं मला कळलं. बॅग भरली नाही की जायला नको, असा त्याचा साधा हिशेब होता. आणि तिकडं पोरगी लाल जाकीट घालून आमची वाट बघत होती. तो गेला नसता तर ती काही बोलली नसती. हसून "पुढच्या वर्षी" म्हणाली असती. तेच मला सहन होणार नव्हतं.

मी टेपवालीला फोन लावला.

यांच्या धंद्यात एक रीत आहे. स्वतःचं सामान स्वतः बांधायचं नाही. परक्याच्या घरातली फुलदाणी ही फक्त फुलदाणी असते. आपल्या घरातली हातात घेतली की हात थांबतो, कोणी दिली ते आठवतं, आणि मग दिवस मावळला तरी खोकं भरत नाही. म्हणून कोणाचंही बिऱ्हाड हलायचं असलं की बाकीचे येतात आणि मालकाला बाजूला बसवतात. टेपवालीच्या लग्नानंतर तिचं सामान खांबानं बांधलं होतं. आम्ही या घरात आलो तेव्हा आमचं सगळं ट्रकवाल्यानं आणलं होतं. टेपवाली म्हणजे खांबाच्या हाताखाली तयार झालेली बाई. एका झटक्यात टेप ओढते आणि दातांनी तोडते, तो आवाज जिन्याच्या खालपर्यंत ऐकू येतो. ट्रकवाला खांबाच्याच वयाचा, त्याचा जिवाभावाचा मित्र.

"काकू, घर बदलताय?" टेपवालीनं विचारलं.

"नाही. एक बॅग बांधायचीय आणि एक माणूस हलवायचाय."

"माणूस जड आहे?"

"फार."

"आम्ही दोघं येतो," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी दोघं आले. गाडी संध्याकाळची होती. ट्रक खाली उभा केलेला, अंगात गोदामाचे निळे सदरे, हातांत टेप आणि कात्री. खांबानं दार उघडलं तर टेपवालीनं त्याला न ओळखल्यासारखं करून हात जोडले.

"नमस्कार मालक. सामान कुठं आहे?"

"ए, नाटकं करू नकोस."

"मालकांनी असं चिडायचं नसतं," ट्रकवाल्यानं एक खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली. "मालकांनी इथं बसायचं, बाहेर बघायचं, चहा घ्यायचा. मागं वळायचं नाही."

"हे मी शिकवलंय तुम्हाला!"

"म्हणून तर चुकत नाही," टेपवाली म्हणाली.

खांबानं माझ्याकडे असा काही बघितलं की दुसरी बाई असती तर माहेरी गेली असती. मी चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. रीत त्यानंच पाळायला शिकवलेली, मोडणार कशी?

"आता पहिला प्रश्न," टेपवाली म्हणाली. "हातात काय?"

हाही त्यांचा नेहमीचा प्रश्न. प्रत्येक घरात एक वस्तू अशी असते की मालक ती ट्रकात चढवू देत नाही, मांडीवर घेऊन बसतो. काम सुरू करण्याआधी ती विचारून बाजूला काढायची. खांबानं आजवर लोकांच्या हातात काय काय बघितलंय. घड्याळ, माशांची बरणी, शिवणयंत्राचं डोकं, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात तर नुसती दाराची कडी. घरी येऊन तो मला ते सांगायचा आणि आम्ही जेवता जेवता त्या माणसांविषयी बोलत बसायचो.

आज तो नुसतं "मग सांगतो," म्हणाला.

टेपवालीनं माझ्याकडे बघून भुवई उडवली. 'मग सांगतो' म्हणणारं गिऱ्हाईक अवघड असतं, हे तिला त्यानंच शिकवलं असणार.

तिनं बॅग जमिनीवर घेतली आणि त्यात जे काही होतं ते बाहेर काढायला सुरुवात केली. माझा स्वेटर, त्याचा स्वेटर, मोजे. मग तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मऊ लागलं. तिनं चादर सोडली.

आत फोम होता. गोदामातला, आरशांच्या कोपऱ्यांना लावतात तो पांढरा जाड फोम. पण कोपऱ्यांचे तुकडे नव्हते ते. कापून, वाकवून, टेपनं जोडून दोन मोठ्या वाट्या केल्या होत्या. दोन लहान वाट्या. आणि बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचा एक रुंद पट्टा, कमरेला बसेल एवढा. काम इतकं सुबक होतं की कुठं सुरकुती नाही. मोठ्या वाट्या कुठल्या भागासाठी होत्या ते न सांगताच कळत होतं. आणि हाताच्या सवयीनं असेल, पट्ट्याच्या पाठीमागे त्यानं लेबलही चिकटवलं होतं. काचेच्या पेल्याचं चित्र, बाण आणि 'ही बाजू वर'.

ट्रकवाला फिस्सकन हसला. मीही हसले. टेपवाली हसली नाही, आणि तिचा चेहरा बघून आम्हीही थांबलो.

"काका," ती म्हणाली, "हे कोणाचं सामान?"

खांबानं मागं वळून बघितलं नाही. "काच आहे," म्हणाला. "नीट ठेव."

चहा गार होत होता.

"तिनं सगळ्यांना सांगितलंय, माझा बाबा पडत नाही," तो खिडकीकडे बघूनच बोलायला लागला. "आणि मी जाणार आणि तिथं सगळ्यांसमोर आडवा होणार. लहान लहान पोरं सुळकन बाजूनं जाणार आणि हा बाप्या उताणा. पहिल्याच दिवशी तिच्या नोकरीच्या ठिकाणी तिनं तोंड कुठं लपवायचं? मला दुसरं येतं काय? सामान धरायला येतं आणि उभं राहायला येतं. त्यातलं अर्धं तिथं जाणार."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्याच्या मागं जाऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, पण काय बोलावं ते सुचेना. प्लास्टरच्या खोलीत मी दिवसभर बडबडते, घरी नेमक्या वेळी तोंडाला कुलूप.

बोलली ती टेपवाली.

"माझा पहिला आठवडा आठवतो तुम्हाला? पावसाळी जिना, माझ्या हातात काचेच्या भांड्यांचं खोकं. पाय सटकला. मी खोकं आणखीनच घट्ट धरलं. तुम्ही वरून काय ओरडलात?"

खांब खिडकीतून खाली उभ्या ट्रककडे बघत राहिला.

"सांगा ना."

"सोड म्हणालो."

"मी सोडलं. अख्ख्या खोक्याचा चुरा. मी बाजूला बसकण मारली, नुसता गुडघा खरचटला. वरून मालकीण बाई ओरडत आल्या. तुम्ही मधे उभे राहिलात आणि म्हणालात, भांडी दुसरी येतील, हिचं मनगट दुसरं येणार नाही. सगळ्या गोदामाला तुमची ती कपाटाची गोष्ट सांगतात, काका. मी नव्या मुलींना ती सांगत नाही. मी ही सांगते."

ट्रकवाल्यानं घसा खाकरला. "वहिनी, ट्रकात गोधड्या आहेत. आणू का?"

त्याच्या डोक्यात काय आलं ते मला लगेच कळलं. "आणा," मी म्हटलं. "सगळ्या आणा."

फ्रिजला आणि कपाटांना गुंडाळतात त्या जाडजूड गोधड्या. आम्ही पलंग भिंतीला सरकवला, खुर्ची उचलली, मालकासकट नव्हे, त्याला उठवून, आणि मधल्या खोलीभर गोधड्यांचे थर अंथरले. त्यांना लाकडाचा आणि धुळीचा वास येत होता. खांब दाराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घालून बघत होता.

"हे काय चाललंय?"

"शिकवणी," मी म्हटलं. आता माझी जीभ सुटली होती. "ऐका. पडणाऱ्या माणसांवर माझं पोट चालतं, त्यामुळे या विषयात माझा अधिकार आहे. हात टेकवायचा नाही. माझ्याकडची अर्धी मनगटं हात टेकवल्यानं येतात. हनुवटी छातीला. समोर तोंडावर नाही, एका कुशीवर. बघा."

आणि पदर खोचून मी पडले. धप्पकन आवाज झाला, पण लागलं काही नाही. उलट बरं वाटलं. मोठ्या माणसाला मुद्दाम पडायला मिळतं कधी? मग टेपवाली पडली, अगदी सफाईनं. मग ट्रकवाला पडला. तो अंगानं चांगला भरलेला आहे. कपाटातली भांडी वाजली आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "अहो, काय चाललंय वर?"

"सामान उतरवतोय!" ट्रकवाला पडल्या पडल्या ओरडला.

"आता तुम्ही," मी खांबाला म्हटलं.

तो गोधड्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. अनवाणी, पाय थोडे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. उभा राहिला तो राहिलाच. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या, पण पडेना.

"येत नाही," तो म्हणाला. खरंच येत नव्हतं. पाय ऐकत नव्हते त्याचे.

"ढकलू का?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"तुला एकट्याला जमणार नाही. ट्रक आणावा लागेल वर," मी म्हटलं.

टेपवाली विचारात पडली होती. मग तिनं एक रिकामं खोकं उघडलं, त्यात ती पांढरी फोमची चिलखतं टाकली, झाकण लावलं, टेप ओढली, दातांनी तोडली आणि खोकं खांबाच्या हातात दिलं.

"धरा."

खोकं हातात येताच तो बदलला. खांदे खाली आले, पकड बसली, श्वास संथ झाला. आता तो कामावर होता. वजन काहीच नव्हतं, पण त्यानं ते छातीशी असं धरलं होतं की आत कोणाचा तरी जन्माचा संसार असावा.

"सोडा!" टेपवाली ओरडली.

त्यानं आणखीनच घट्ट धरलं. पुठ्ठा चेपला.

"काका, सोडा म्हणतेय ना! भांडी दुसरी येतील!"

मी त्याच्या हातांकडे बघत होते. ते हात मी रोज बघते, पण त्या दिवशी नीट बघितले. बोटांची पेरं जाड झालेली, तळव्यांना दोरीचे घट्टे, अंगठा बाहेर वळलेला. त्या हातांनी कधीही, कोणाचंही, काहीही सोडलेलं नव्हतं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

बोटं उघडली. खोकं खाली पडलं आणि त्याच्या पाठोपाठ, डाव्या कुशीवर, हनुवटी छातीला लावून, माझा नवरा पडला.

घर हललं. खालून पुन्हा कोणीतरी ओरडलं, पण उत्तर द्यायचं भान कोणालाच नव्हतं. खांब गोधड्यांवर पडून छताकडे बघत होता. आमच्या छताला कोपऱ्यात ओल आली आहे, ती त्यानं बहुतेक पहिल्यांदाच नीट बघितली.

"लागलं?" मी विचारलं.

त्यानं हातपाय हलवून बघितले. "नाही," म्हणाला. मग हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. "अगं, काहीच झालं नाही!"

सांगायला लाज कसली? माझे डोळे भरून आले. लग्नाच्या वेळी लोक म्हणाले होते, मुलगा कष्टाळू आहे. पुढं म्हणाले, खांब आहे. त्या सगळ्याचा मला अभिमान होताच, पण तो लोकांनी दिलेला होता. हा माणूस या वयात, जे कधीच केलं नाही ते करायला, तेही लेकीचा पहिला वर्ग पुरा भरावा म्हणून, दोन माणसांसमोर आडवा झाला. हा अभिमान माझा स्वतःचा होता.

"परत," खांब उठून म्हणाला.

मग त्याला आवरणं कठीण झालं. डावीकडे पडला, उजवीकडे पडला, खोकं घेऊन आणि खोक्याशिवाय. टेपवालीला पडण्यातल्या चुका दाखवायला लागला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ शेवटी तावातावानं वर आले. दारात उभं राहून त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मग चपला काढून एकदा पडून गेले.

बॅग टेपवालीनं किती झटपट भरली ते मी बघितलंसुद्धा नाही. चहा गरम करून आणेपर्यंत चेन लागलेली होती. फोम गोदामाचा, तो ट्रकात परत गेला. 'ही बाजू वर'चं लेबल मात्र मी हळूच सोडवून पर्समध्ये ठेवलं. ते कोणाच्या पाठीवर चिकटवायचं हे बर्फावर गेल्यावर ठरवणार होते.

निघताना दारात टेपवाली पुन्हा आडवी आली. "पहिला प्रश्न राहिलाय, मालक. हातात काय?"

"अजून विचार करतोय," खांब म्हणाला. त्यानं बॅगेकडे हात नेला, तर ट्रकवाल्यानं ती आधीच उचलली होती. जिना उतरताना खांबाला आपले हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. खिशात घातले, बाहेर काढले, मागं बांधले. तो जिना रिकाम्या हातांनी इतक्या सावकाश उतरताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

स्टेशनपर्यंत ट्रकातूनच गेलो, पुढच्या बाकावर चौघं दाटीवाटीनं. मागं तेवढी एक निळी बॅग आणि गोधड्या. वाटेत फोन वाजला. भिंगरी. मी स्पीकर लावला.

"निघालात?" तिनं विचारलं, आणि मग आवाज खाली आणून, "आई, बाबा आहे ना बरोबर? खरं सांग."

म्हणजे पोरीला सगळं कळलं होतं. त्या 'हं'मधूनच कळलं असणार. एवढे दिवस तीही तिकडं जीव मुठीत धरून बसली होती.

"आहे, आहे," खांबच म्हणाला. "मास्तरीण बाई, एक निरोप आहे. पहिला धडा झालाय. उद्या दुसऱ्यापासून सुरू कर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग एकदम शाळेतल्या बाईंचा सूर लागला, जो मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"असं कोणीही म्हणेल. तोंडी परीक्षा घेणार मी. कुठल्या बाजूला पडलास?"

"डाव्या. मग उजव्या."

"डोकं?"

"आत. हनुवटी छातीला."

"हात?"

खांबानं खाली बघितलं. या ट्रकात तो बसला की त्याच्या मांडीवर कायम कोणाचं तरी काहीतरी असायचं, धक्का लागू नये म्हणून जपून धरलेलं. आज हात नुसते मांडीवर पडले होते, तळवे वर करून. त्यानं एकदा टेपवालीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मोकळे," तो म्हणाला.